नोकरीतून कन्सल्टंट होताना: लग्न झालेल्या माणसाने कराचा हिशेब कसा मांडावा

एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या डोंबिवलीला राहतात आणि अंधेरीतल्या एका कंपनीत जून २०२१ पासून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतात. पगार महिना ८०,०००, त्यातलं बेसिक ४०,०००. आता कंपनी म्हणते की ३१ डिसेंबरला राजीनामा द्या आणि १ जानेवारी २०२६ पासून हेच काम कन्सल्टंट म्हणून करा, महिना ९५,००० देऊ. मिस्टरांना वर्षाला १८ लाख पगार आहे. दोनेक वर्षांत ठाण्याकडे मोठं घर घ्यायचं मनात आहे. त्या विचारतात: लग्न झालंय तर रिटर्न एकत्र भरायचं का? माझ्या कमाईने मिस्टरांचा कर वाढेल का? संध्याकाळी हिशेब तेच बघणार, तर त्यांना पगार दाखवता येईल का? जीएसटी नंबर लागेल का? आणि कराचे पैसे किती बाजूला ठेवू?

ताई, पाचही प्रश्न रास्त आहेत. लग्नाबद्दलच्या तुमच्या शंका दोन ओळींत मिटतात. तुमचं खरं काम वेगळं आहे. आजवर तुमचा पगार होता, उद्यापासून ती व्यवसायाची जमा होणार. ती खरोखरच व्यवसायाची जमा आहे का, ती कुठल्या तारखेपासून सुरू करायची आणि तिच्यातला नफा किती दाखवायचा, हे तीन निर्णय तुमचे आहेत आणि ते ३१ डिसेंबरच्या आत घ्यायचे आहेत. माझे आकडे तुम्ही दिलेल्या माहितीवर आहेत. तुमचं भाड्याचं उत्पन्न असेल, शेअर विकलेले असतील किंवा पगाराची फोड वेगळी असेल, तर ते बदलतील.

आधी लग्नाचं बघू. आयकराच्या दृष्टीने नवरा आणि बायको या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत. दोघांचे पॅन वेगळे, रिटर्न वेगळी, आणि करमुक्त मर्यादा व कराचे टप्पे दोघांना स्वतंत्र मिळतात. एकत्र रिटर्न भरण्याची सोय आपल्याकडे नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाआधी चार्टर्ड अकाउंटंट्सच्या संस्थेने तसा पर्याय द्यावा असं सुचवलं होतं, त्यावरून बरेच निरोप फिरले, पण कायदा बदललेला नाही. अपवाद आहे तो गोव्यात पोर्तुगीज नागरी संहिता लागू असलेल्या जोडप्यांचा. त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं. तुम्हाला तो लागू नाही. तुम्ही कितीही कमावलंत तरी मिस्टरांचा कर एका रुपयानेही वाढत नाही. त्यांनी जुनी करप्रणाली (वजावटी जास्त, दर चढे) घ्यावी आणि तुम्ही नवी (दर कमी, वजावटी मोजक्या), हेही चालतं.

आता तारखेबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. जून २०२१ ते डिसेंबर २०२५ म्हणजे चार वर्षं सात महिने. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी सेवेबद्दल देते त्या एकरकमी पैशाला, पाच वर्षं लागतात. बेसिकचे २६ भाग करायचे, त्यातले १५ घ्यायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं, असा हिशेब असतो. तुमच्या बाबतीत ४०,००० ला २६ ने भागून १५ ने गुणलं की २३,००० च्या थोडं वर येतं, पाच वर्षांचे सुमारे १,१५,०००. ही रक्कम करमुक्त आहे, नव्या करप्रणालीतही. ३१ डिसेंबरला बाहेर पडलात तर ती हातची जाते. पीएफचंही तसंच. सलग पाच वर्षांची सेवा झाल्याशिवाय पीएफ काढला तर ती रक्कम करपात्र ठरते आणि ५०,००० च्या पुढे असेल तर टीडीएसही (पैसे हातात येण्याआधीच कापून सरकारकडे भरला जाणारा कर) कापला जातो. आधीच्या एखाद्या नोकरीचा पीएफ तुम्ही या खात्यात वर्ग केला असेल, तर ती वर्षं यात मोजली जातात, हे तपासून घ्या. ग्रॅच्युइटीला मात्र याच कंपनीतली सेवा धरतात.

त्यामुळे एचआरशी बोलताना पहिली मागणी दराची करू नका. कन्सल्टंटचा करार १ जून २०२६ पासून करता येईल का, हे विचारा. नाहीच म्हणाले, तर १,१५,००० चं हे नुकसान दरात भरून मागा. मी बघितलंय, अशा वेळी लोक वाढलेल्या आकड्याच्या आनंदात सही करतात आणि पूर्ण व अंतिम हिशेबाचा कागद हातात आल्यावर ग्रॅच्युइटीची ओळ शोधत बसतात.

दराची तुलनाही एकदा नीट करू. ८०,००० आणि ९५,००० मध्ये १५,००० ची वाढ दिसते. पण आज कंपनी तुमच्यावर ८०,००० पेक्षा जास्त खर्च करते. पूर्ण बेसिकवर १२ टक्के पीएफ भरत असेल तर ४,८०० तिचे. (काही कंपन्या १५,००० वरच भरतात, मग १,८००. पगाराच्या चिठ्ठीवर बघा.) ग्रॅच्युइटीचा दर महिन्याचा वाटा धरला तर अजून १,९०० च्या आसपास. भरपगारी सुट्ट्या वर्षाला २० धरल्या आणि महिन्याचे कामाचे दिवस २२, तर त्या सुट्ट्यांची किंमत महिन्याला ६,००० च्या वर जाते. बेरीज ९२,७०० च्या पुढे गेली, आणि यात अजून मेडिक्लेमचा हप्ता धरलेलाच नाही. म्हणजे १५,००० ची वाढ जवळजवळ तिथेच जिरली. मिस्टरांच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत तुमचं नाव असेल तर मेडिक्लेमची चिंता तूर्त नाही, पण त्यांनी नोकरी बदलली की ती पॉलिसी जाते. स्वतःची एक छोटी पॉलिसी आताच, तब्येत चांगली असताना घ्या.

आता करार. कन्सल्टंट म्हटल्याने कुणी कन्सल्टंट होत नाही. रोज ठरावीक वेळेला हजेरी, रजेसाठी साहेबांची परवानगी, कंपनीचाच लॅपटॉप, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायला बंदी, वर्षाअखेरीस अप्रेझल, असं सगळं असेल तर ती नोकरीच आहे आणि अधिकारी त्या पैशाला पगार म्हणू शकतो. पगार ठरला की व्यवसायाच्या सवलती बाद. शिवाय पीएफ चुकवल्याचा प्रश्न कंपनीवर येतो, आणि अशा तपासणीत तुमचे जबाब घेतले जातात. म्हणून करारात काम काय, ते कधी द्यायचं, बिल कधी द्यायचं आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे स्वच्छ असू द्या. दुसऱ्यांचं काम घेण्याची मोकळीक लेखी असू द्या, कंपनीची गोपनीयता सांभाळण्याच्या अटीसह. लॅपटॉप स्वतःचा घ्या. आणि जमेल तितक्या लवकर दुसरं एखादं छोटं काम खरोखरच घ्या. एकाच ठिकाणाहून दर महिन्याला तोच आकडा येत राहिला, तर करारात काहीही लिहिलेलं असो, ते पगारासारखंच दिसतं.

व्यवसायाची जमा आहे हे धरून पुढचा हिशेब. कलम ४४एडीए प्रमाणे काही ठरावीक व्यावसायिकांना खर्चाची एकेक पावती न दाखवता जमेच्या ५० टक्के नफा धरून कर भरता येतो. त्यात वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, चित्रपट कलाकार, कंपनी सेक्रेटरी आणि माहिती तंत्रज्ञानवाले येतात. तुमचं टेस्टिंग शेवटच्या गटात बसतं. मर्यादा वर्षाला ५० लाख जमेची, आणि रोखीतली जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांची. भाषांतर, ग्राफिक डिझाइन, शिकवण्या, लेखन करणाऱ्यांनी हे वाचून आपल्यालाही लागू आहे असं गृहीत धरू नये. त्या कामांची नावं यादीत सरळ नाहीत, कामाचं स्वरूप बघून ठरवावं लागतं, आणि शंका असेल तर साधी हिशेबवही ठेवून प्रत्यक्ष नफ्यावर कर भरणं बरं.

तुम्ही १ जानेवारीलाच सुरू केलंत असं धरू. चालू वर्षात, म्हणजे २०२५-२६ मध्ये, नऊ महिन्यांचा पगार ७,२०,०००. त्यातून पगारदाराची ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते, राहिले ६,४५,०००. ही वजावट पूर्ण मिळते, नोकरी वर्षभर नसली तरी. जानेवारी ते मार्च तीन बिलं, २,८५,०००, त्याचे निम्मे १,४२,५००. एकूण ७,८७,५००. नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० टक्के, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. तुमचा कर १९,३७५ निघतो, पण उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे कलम ८७ए ची सूट तो पूर्ण पुसून टाकते. भरायचं शून्य. पुढच्या पूर्ण वर्षाची जमा ११,४०,०००, निम्मे ५,७०,०००. दर असेच राहिले तर तेव्हाही शून्य. फक्त शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या भांडवली नफ्यावर विशेष दराने जो कर लागतो, त्याला ही सूट मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

इथे थांबून एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण तुम्हाला घर घ्यायचं आहे. तुमचा खरा खर्च किती? इंटरनेट, फोन, लॅपटॉपचा घसारा, एखादं सॉफ्टवेअर, आठवड्यातून दोन वेळा अंधेरीला लोकलने जाणं. वर्षाला लाख-सव्वा लाख धरले तरी खरा नफा १० लाखांच्या वर आहे. तोही १२ लाखांच्या आतच आहे आणि त्यावरही कर शून्यच येतो. मग ५,७०,००० दाखवून मिळवलंत काय? ४४एडीए मध्ये ५० टक्के हा तळ आहे, त्याहून जास्त नफा दाखवायला काहीच हरकत नाही. गृहकर्ज देताना बँक व्यावसायिकाची साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि त्यातला नफा बघते. बिलांची बेरीज ११ लाखांची असली तरी रिटर्नमध्ये ५,७०,००० असतील, तर तुमची कर्जाची पात्रता त्यावरच ठरते. सहअर्जदार म्हणून तुमचं नाव असूनही फारसा उपयोग होत नाही. अशी जोडपी माझ्याकडे येतात. बिल्डरला टोकन देऊन झालेलं असतं, आणि मागची तीन रिटर्न बदलता येत नाहीत. खरा नफा १०,२०,००० असेल तर १०,२०,००० च दाखवा. कर तितकाच आहे, आणि रिटर्नमधला आकडा खरा असला की कुणी विचारल्यावर उत्तर तयार लागत नाही.

उलट बाजूही सांगतो. कधी खरा नफा ५० टक्क्यांपेक्षा कमी असला, समजा तुम्ही दोन मदतनीस ठेवलेत, तर कमी दाखवता येतो, पण मग हिशेबवह्या ठेवाव्या लागतात आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर ऑडिटही. ५० टक्के नफा धरायच्या या अनुमानित पद्धतीला रिटर्नचा फॉर्म सुगम, म्हणजे आयटीआर-४, एरवी आयटीआर-३. पगारदारांचा आयटीआर-१ तुमच्यासाठी संपला, या वर्षीसुद्धा. ज्या वर्षी पहिलं बिल दिलंत त्या वर्षापासूनच.

करप्रणाली निवडताना एक सापळा आहे. मिस्टर पगारदार आहेत, त्यांना दरवर्षी जुनी की नवी हे बदलता येतं. तुम्ही व्यवसायवाल्या झालात की तसं नाही. एकदा फॉर्म १०-आयईए भरून जुनी घेतलीत, तर नवीत परत यायची संधी आयुष्यात एकदा, आणि परत आलात की व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुनीचं दार बंद. तुमच्या आकड्यांना जुनीचा काही फायदा नाही, त्यामुळे तो फॉर्म भरूच नका. कुणी एजंट विमा विकण्यासाठी ८०सी, म्हणजे विमा-बचतीवरची वजावट, दाखवत असेल, तर नव्या करप्रणालीत ती वजावट नाही एवढं सांगून विषय संपवा.

आता टीडीएस. दर बिलातून कंपनी कलम १९४जे खाली १० टक्के कापेल, ९,५००. हातात ८५,५००. वर्षभरात १,१४,००० कापले जातील आणि कर शून्य असल्यामुळे रिटर्न भरल्यावर ते परत मिळतील. म्हणजे तुमचे लाखभर रुपये वर्षभर अडकून राहणार. घरखर्चाचं गणित ८५,५०० वर बसवा, ९५,००० वर नको. कमी दराने टीडीएस कापावा असं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, फॉर्म १३ ऑनलाइन भरून. पण त्यासाठी मागची रिटर्न बघतात, म्हणून तो खटाटोप एखादं वर्ष गेल्यावर करा. काही कंपन्या अशा कामाला तांत्रिक सेवा समजून २ टक्केच कापतात. तो निर्णय त्यांचा. तुमचा कर त्याने बदलत नाही, परताव्याचा आकडा बदलतो.

कापलेला टीडीएस सरकारकडे जमा होतोय का, हे दर तिमाहीला स्वतः बघा. आयकराच्या पोर्टलवर २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची यादी) दोन्ही उघडतात. मार्चच्या बिलाकडे खास लक्ष द्या. तुमच्या खात्यात पैसे एप्रिलमध्ये येतील, पण कंपनी ते मार्चच्या खर्चात धरून टीडीएस मार्चमध्येच दाखवेल. तुमचं रिटर्न आणि २६एएस जुळावं म्हणून ते बिल तुम्हीही मार्चच्याच वर्षात धरा.

लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण मी वारंवार बघतो, ती नावाची. पॅन माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेचं खातं तिसऱ्याच पद्धतीने, मधलं नाव कधी वडलांचं तर कधी नवऱ्याचं. नोकरीत असताना हे खपून जातं, कारण परतावा फारसा येतच नाही. आता लाखाचा परतावा यायचा आहे, आणि पोर्टलवर बँक खातं पडताळताना पॅनवरचं नाव खात्याशी जुळलं नाही तर तो अडकतो. मुलुंडच्या एका क्लायंट बाईंचं सगळं रिटर्न बरोबर होतं. अडकलं होतं ते एवढ्यावरच, की पॅनवर नाव, वडील, माहेरचं आडनाव आणि पासबुकावर नाव, नवरा, सासरचं आडनाव. कुठलं नाव ठेवायचं हा सर्वस्वी तुमचा प्रश्न, माहेरचं ठेवलंत तरी कायद्याची हरकत नाही. मात्र पॅन, आधार आणि बँक, तिन्हीकडे तेच हवं. पॅन आधारशी जोडलेलं नसेल आणि निष्क्रिय झालं असेल तर टीडीएस १० ऐवजी २० टक्के कापला जातो. पहिलं बिल देण्याआधी हे तपासा. आणि पॅनवर नवऱ्याचं नाव लागतच नाही, तिथे वडलांचं असतं, ते बदलायला जाऊ नका.

आता मिस्टरांना पगार दाखवण्याबद्दल. नको. ५० टक्क्यांच्या पद्धतीत खर्च आधीच धरलेले असतात, वेगळा पगार वजा होत नाही. म्हणजे तुमचा कर कमी होणार नाही, आणि दिलेली रक्कम जोडीदाराच्या उत्पन्नाच्या नियमांत अडकेल. कलम ६४ प्रमाणे तुमच्या व्यवसायातून जोडीदाराला दिलेला पगार, त्याच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल तर, पुन्हा तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो. पात्रता असलीच तर तो त्यांच्या उत्पन्नात जाईल, आणि १८ लाखांवर ते आधीच २० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. दोन्हीकडून तोटा. तसंच बिल मिस्टरांच्या नावाने काढणं किंवा त्यांचं एखादं उत्पन्न तुमच्या नावावर दाखवणं, याचा विचारही करू नका. ज्याने काम केलं त्याचंच ते उत्पन्न.

हेच कलम घरातल्या पैशालाही लागतं. मिस्टरांनी तुम्हाला १० लाख दिले तर त्या भेटीवर कर नाही, नवरा-बायकोत भेट करमुक्त आहे. पण तुम्ही त्याची ७ टक्क्यांनी एफडी केलीत, तर वर्षाचं ७०,००० व्याज त्यांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. त्या व्याजावर पुढे मिळणारं व्याज मात्र तुमचं. लॅपटॉपसाठी ते पैसे देणार असतील तर उसने म्हणून घ्या, बँकेतून घ्या, बँकेतूनच परत करा आणि एक साधी चिठ्ठी लिहून ठेवा.

लग्नाचा खरा उपयोग होतो तो बचतीत, आणि तो पूर्ण कायदेशीर आहे. घरखर्च, मुलांची फी, किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, हे मिस्टरांच्या पगारातून जाऊ द्या. तुमची कमाई तुमच्या खात्यात राहू द्या आणि गुंतवणूक तिच्यातून, तुमच्याच नावाने होऊ द्या. स्वतःच्या कमाईच्या गुंतवणुकीवरचं उत्पन्न तुमचंच धरलं जातं आणि तुमचा टप्पा खालचा आहे. दहा वर्षांत यातून मोठी रक्कम उभी राहते, शिवाय ती बाईच्या स्वतःच्या नावावर असते. माझ्या दृष्टीने हेही तितकंच महत्त्वाचं आहे. यासाठी बिलांचे पैसे जॉइंट खात्यात न घेता फक्त तुमच्या नावाच्या, फक्त कामासाठी ठेवलेल्या खात्यात घ्या.

जीएसटीचं थोडक्यात. सेवा देणाऱ्याला वर्षाची जमा २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते. जमा म्हणजे बिलांची बेरीज, नफा नव्हे. परदेशी ग्राहकाचं कामही त्यात मोजलं जातं. तुम्ही ११,४०,००० वर आहात, गरज नाही. कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांनी नंबर मागितला तर नोंदणीची मर्यादा ओलांडलेली नाही असं एका ओळीत लिहून द्या. उगाच घेतलात तर काम नसलेल्या महिन्यांचीही रिटर्न भरत बसावं लागतं आणि उशिराला दिवसागणिक दंड. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही.

महाराष्ट्राचा व्यवसाय कर मात्र चुकवू नका. नोकरीत कंपनी महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापत होती. आता स्वतःची नावनोंदणी, म्हणजे पीटीईसी, काढायची आणि दरवर्षी ३० जूनच्या आत २,५०० भरायचे. पगारदार बायकांना २५,००० पर्यंतच्या पगारावर जी माफी आहे, ती इथे लागू नाही. त्यासाठी माझगावच्या जीएसटी भवनात हेलपाटा नको, ऑनलाइन होतं. उद्यम नोंदणीही, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून टाका, ती फुकट आहे. तिच्यामुळे लेखी करार असला तरी कंपनीला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर केला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तिला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की अकाउंट्सवाले त्याकडे लक्ष देतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती बाजूला ठेवू. आजच्या आकड्यांवर टीडीएसच कराच्या पुढे आहे, त्यामुळे वेगळं काही भरायचं नाही. पण दुसरी कामं वाढून दाखवलेला नफा १३ लाख झाला, तर कर सेससह ७८,००० होतो. १२ लाखांची रेषा ओलांडल्यावर सूट जाते, १२ लाखांच्या जरासं वर असणाऱ्यांना तेवढी थोडी सवलत मिळते. टीडीएस वजा जाता देय कर १०,००० किंवा जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच आगाऊ कर, भरावा लागतो. अनुमानित पद्धतीवाल्यांना तो एकाच हप्त्यात, १५ मार्चच्या आत. हिशेबवह्यांवर जाणाऱ्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखांना चार हप्ते. चुकलं की महिन्याला एक टक्का व्याज. तुम्ही फेब्रुवारीच्या शेवटी एकदा बिलांची बेरीज करा आणि २६एएस शेजारी ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि कराऐवजी तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. कन्सल्टंटचा करार संपवायला कंपनीला नोकरीइतका वेळ लागत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा आयकर कायदा लागू होतोय. कलमांचे आकडे बदलतील, ४४एडीए ची तरतूद कलम ५८ मध्ये जाईल, आणि असेसमेंट इयर हा शब्द जाऊन टॅक्स इयर येईल. मी जुने आकडे दिलेत ते चालू वर्षासाठी. तुमच्या बाबतीत वर सांगितलेला विचार त्याने बदलत नाही.

कराराचा मसुदा हातात आला की त्यातली कामाच्या वेळेची, दुसऱ्यांचं काम घेण्याची आणि करार संपवण्याची कलमं जशीच्या तशी लिहून पाठवा, नावं आणि रकमा खोडून. एचआरने जूनच्या तारखेबद्दल काय उत्तर दिलं तेही सांगा. ते हो म्हणाले तर वरचा चालू वर्षाचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, तो मी करून देईन.